मशीनीमागचा खटका

मारोतराव गेल्याची बातमी माझ्या आधी सातवीच्या अख्ख्या वर्गाला कळली. मी फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण मांडत होतो आणि वर्गाचं दार माझ्या डाव्या हाताला होतं. शाळेचे शिपाई खाजाभाई दारातून आत आले आणि अशी बातमी ज्या आवाजात सांगायची असते त्याच आवाजात, म्हणजे अगदी हळू, म्हणाले, "मास्तर, वारंग्यासे आदमी आया है. तुम्हारे साडूभाई गुजर गये." मी पुढची ओळ मांडली. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं म्हणे. मी बारानं भागून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. "कलेजा है के पत्थर," असं पुटपुटत खाजाभाई व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, हे नंतर त्यांनीच मला सांगितलं. पाठीमागे पोरं उठून उभी राहिल्याचा आवाज झाला तेव्हा मी वळलो आणि दरडावलं, "बसा खाली. कुणी सांगितलं उठायला?" कुणी बसेना. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, तुमचे साडू वारले म्हणं..."

माझा कलेजा पत्थराचा नाही. माझा डावा कान बंद आहे. सातव्या वर्षी तो वाहायला लागला, आईनं लसणाचं तेल घातलं, शेजारणीनं आणखी कसलं तरी घातलं, आणि वाहणं थांबलं तेव्हा ऐकणंही थांबलेलं होतं. घरात आम्ही ते कुणाला सांगितलं नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडिलांनी मला भिंतीच्या कडेला असं बसवलं की पोरीकडचे सगळे उजव्या हाताला यावेत. मास्तरकीच्या नोकरीसाठी तपासणी झाली, डॉक्टरांनी घड्याळ आधी उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. पहिल्यांदा मी "ऐकू येतंय" म्हणायला जेवढा वेळ घेतला होता तेवढाच मनात मोजून दुसऱ्यांदाही म्हणालो. झालो मास्तर. वडील गेल्यावर हे गुपित जगात एकट्या माझ्याकडे उरलं, असं मी समजत होतो. डावीकडून कुणी बोललं की मी उत्तर देत नसे, आणि सासरवाडीत त्याचा अर्थ एकच झाला होता, "थोरले जावई लई ताठ." बहिऱ्यापेक्षा ताठ बरं. मी तो ताठा मग जरा जोपासलाच.

गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर त्याचे गुण सांगावे लागतात. मारोतरावांचे गुण मला तोंडपाठ आहेत, कारण त्यातला एकेक मला टोचलेला आहे. मी थोरला जावई. मॅट्रिक, ट्रेंड मास्तर, कळमनुरीला तीन खोल्यांचं घर. माझ्यानंतर पाच वर्षांनी धाकट्या मेहुणीचं, कमलचं लग्न झालं आणि हे गृहस्थ आमच्यात आले. नववी नापास, हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली रेडिओ दुरुस्ती शिकलेले, वारंगा फाट्यावर पत्र्याचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या. अंगठ्याला कायम डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या सासूबाईंचा, म्हणजे मामींचा, तीन वर्षं मुका पडलेला रेडिओ जेवण वाढून होईस्तोवर बोलता केला. त्या दिवशी कोंबडीची कलेजी माझ्या ताटातून त्यांच्या ताटात गेली ती परत काही आली नाही. मामा-मामींना मुलगा नव्हता. म्हातारपणी ते एका मुलीच्या गावी राहायला जाणार हे ठरलेलंच होतं. माझ्या तीन खोल्या होत्या. ते गेले वारंग्याला. मामा म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी अभ्यासाचं वातावरण. आमी म्हातारे, आमाला गाणं लागतं." मामा तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. मी "बरोबर आहे" म्हणालो आणि महिनाभर शांताशी, माझ्या बायकोशी, नीट बोललो नाही. तिनं काय वाईट केलं होतं कोण जाणे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ती मशीन आली. त्या दिवसांत लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या, पोत्यांनी भरलेले ट्रक फाट्यावर रांग लावून उभे असत. नांदेडचे एक सरदारजी होते, त्यांच्या ट्रकच्या टपावरून ती हैदराबादहून आली. कुठल्या तरी नवाबाच्या घरचं सामान निघालं होतं, त्यातलं हे कुणी घेईना, म्हणून सरदारजींनी मारोतरावांसाठी उचलून आणलं. लोखंडी पेटी, मुलखाची जड, कंपनीचं नाव घासून गेलेलं. आत उंदराचं घरटं, घरट्यात नवाबाच्या उर्दू अखबाराचे तुकडे. वर आठ काचेच्या वॉल्व्हच्या जागा, त्यातले पाच जाग्यावर, तीन गायब. मी शांताला घेऊन रविवारी गेलो तर मारोतराव अंगणात बसून रंगाच्या ब्रशानं उंदराच्या लेंड्या झाडत होते, आणि चेहरा असा जणू लेकरू न्हाऊ घालून राहिलेत.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"स्टिरिओ हाय, साडूभाऊ. विलायती. दोन मशिनी हायत हिच्यात, एकाच पेटीत. एक डावीकडची, एक उजवीकडची. दोन डब्यांतून दोन येगळे आवाज."

"एकच गाणं दोनदा कशाला ऐकायचं?"

ते हसले. "एकच न्हाई ना. आपल्याला कान दोन काहून दिले? येकच गोष्ट दोनदा ऐकाया न्हाई. आवाज कुठून येऊन राहिला ते कळाया."

"असं होय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

दीड-दोन वर्षं ते त्या मशीनीमागे होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर, बस्स. आतले मेणाचे कंडेन्सर वाळलेल्या बोंडांसारखे फुटले होते, ते एकेक काढून नवे बसवले. गायब वॉल्व्ह मिळवायला हैदराबादच्या खेपा करणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांना कामाला लावलं. प्रत्येकाच्या खिशात वॉल्व्हचं चित्र काढलेली चिठ्ठी. आणि ट्रान्स्फॉर्मर जळालेला. तो नवा मिळणारा नव्हता, म्हणून जुना उलगडून, तार मोजून, पुन्हा गुंडाळायचा. सायकलचं चाक उलटं करून त्याला लाकडी रीळ जोडलं होतं. मारोतराव चाक फिरवत, कमल मोजायची, शंभर वेढे झाले की ज्वारीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. नवराबायको दोघं असं समोरासमोर बसून, एका शब्दानं न बोलता, तासन्‌तास... शांता आणि मी कधी कशासाठी असे बसलो होतो, ते मला आठवेना. मी दारातून मोठ्यानं विचारलं, "काय कमल, किती झाले?" तिचा दाणा हातातच राहिला. "सव्वीस... का सत्तावीस, दाजी?" हिशेब गेला. मी हे मुद्दाम केलं का? त्या वेळी नाही म्हणालो असतो. मारोतरावांनी चाक थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराबरच झालं. खालची तार ढिली बसली व्हती, तशीही काढावीच लागत व्हती." सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्या माणसाला दुसऱ्याची चूक आपल्या मशीनीच्या अंगावर घ्यायची खोड होती. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

काम करताना ते डावा हात पायजम्याच्या खिशात घालून ठेवत. सगळं उजव्या हातानं. मी म्हणालो, "ही काय ऐट?" म्हणाले, "उस्तादानं लावलेली सवय. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातातून निघतो. येक हात खिशात असला म्हंजे माणूस वाचतो. आन्‌ बंद केल्यावरबी लगेच हात लावू नका, बराच येळ हिच्यात करंट ऱ्हातो." मी विज्ञान शिकवतो. बटण बंद केल्यावर वीज कशी राहील? ते आत चहा सांगायला गेले तेव्हा मी बटण बंद आहे याची खात्री करून एक बोट आत घातलं. कमल सांगते की मी बाजेवरून उडालो ते थेट मामांच्या पानपुड्यात. मी सांगतो की माझा पाय घसरला होता.

मशीन पहिल्यांदा वाजली ती दसऱ्याच्या सुट्टीत. आम्ही सगळे जमलो होतो. मारोतरावांनी दोन लाकडी डबे खोलीच्या दोन कोपऱ्यांत मांडले आणि समोर मधोमध एक खुर्ची. "स्टिरिओत जागा एकच आसती," ते म्हणाले, "ह्या खुर्चीत बसल्याबिगर मजा कळत न्हाई." एकच खुर्ची आणि जावई दोन... मी उठायच्या तयारीत धोतर सावरलं. त्यांनी मामींना बसवलं. मामींना! मग बटण दाबलं. मशीन लगेच बोलली नाही. वॉल्व्हच्या काचेत आधी विझत्या निखाऱ्यासारखा रंग आला, अर्धा मिनिट गेला, आणि रेकॉर्डवरची आगगाडी डाव्या कोपऱ्यातून निघाली. मामींनी आगगाडी जवळून पाहिलेली नव्हती. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. गाडी खोलीतून धडधडत उजव्या कोपऱ्यात गेली आणि मामींची मान तिच्यामागे गेली. मामा उठून उजव्या डब्यामागे वाकून बघून आले. सगळे हसत होते, टाळ्या पिटत होते. मीही. मला आगगाडी ऐकू आली होती, पण ती कुठं गेली नव्हती. जागेवरच धडधडली आणि थांबली.

मग खेळ सुरू झाला. खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि ढोलकी कुठल्या डब्यातून येते तिकडे बोट करायचं. मामांनी बरोबर केलं. शांतानं केलं. कमलची बेबी, चार वर्षांचं लेकरू, तिनंही खिदळत केलं. "आता थोरले," मामी म्हणाल्या. मी बसलो, डोळे मिटले आणि उजवीकडे बोट केलं. हशा. मारोतरावांनी रेकॉर्ड बदलली. मी या वेळी डावीकडे केलं. पुन्हा हशा. तिसऱ्यांदा मी विचार करून, त्रैराशिक मांडल्यासारखं, उजवीकडे केलं... "मास्तर मुद्दाम करून राहिलेत," मामा म्हणाले. "हो, गंमत," मी म्हणालो. डोळे उघडले तर मारोतराव माझ्याकडे पाहत होते, दुकानात आलेल्या रेडिओकडे पाहावं तसे. कुठं तुटलंय ते शोधत. मग ते एवढंच म्हणाले, "चा घेऊ," आणि मशीन बंद केली.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मारोतरावांना माज चढला. आधी ते माझ्या कुठल्याही बाजूनं चालत, आता रस्त्यानं निघालो की वळसा घालून उजवीकडे येत. जेवायला बसलो की उजवीकडे. विहारात बसलो की उजवीकडे. उजवी बाजू मानाची असते, हे नववी नापास माणसालाही कळतं म्हणायचं, असं मी मनात म्हणे. दुसरी गोष्ट माझ्या फार आवडीची. मशीन बिघडली. म्हणजे वाजायची, पण दोन्ही डब्यांतून एकसारखंच. मी गेलो आणि मामींनी "लावा ना ती आगगाडी" म्हटलं की मारोतराव पेटीमागे हात घालत, काहीतरी चाचपत आणि म्हणत, "आज तकलीफ हाय मशीनीला. येगळं येगळं करून न्हाई राहिली." गाडी निघायची आणि सगळ्यांसाठीच जागेवर धडधडायची. खेळ होत नसे. मला इतकं बरं वाटे की परतीच्या बसमध्ये मी गुणगुणत असे. कळमनुरीत शिक्षकांच्या खोलीत मी खेदानं सांगत असे, "आमचे साडू हुशार, पण पायाभूत शिक्षण नसल्यावर असं होतं. दोन वर्षं घालवली, शेवटी मशीन अर्धवटच." कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला फाट्यावरच्या विहारात कार्यक्रम होता. वस्तीतल्या लोकांनी मशीनीची कीर्ती ऐकली होती. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं, आणि ती कल्पना मारोतरावांची होती, हेही मला जरा खटकलंच. डबे मांडले, खुर्ची मांडली, दोनशे माणसं दाटीवाटीनं बसली. वस्तीतले वडीलधारे सटवाजीकाका उभे राहून म्हणाले, "आधी पाव्हने. मास्तर, बसा. डोळे मिटायचे आन्‌ सांगायचं कोन कुठून बोलून राहिलं." दोनशे माणसं आणि समोर कळमनुरीहून आलेले माझे दोन-चार विद्यार्थीही. मी उठणार तोच मारोतराव पेटीमागे वाकले, वर आले आणि म्हणाले, "काका, माफी करा. मशीन बिघडली. येगळे आवाज न्हाई येनार आज." लोक नाराज झाले. कुणीतरी मागून ओरडलं, "मारोतराव, गाडी रुळावरून घसरली काय?" सगळा विहार हसला. "न्हाई जमलं," मारोतराव म्हणाले, आणि हात जोडून तसेच उभे राहिले. त्यानंतर मी भाषण केलं. त्यात मी म्हणालो, "आपल्या समाजातल्या तरुणांनी अर्ध्या ज्ञानावर समाधान मानू नये." टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी मारोतरावांनी वाजवली.

यंदा त्यांना काविळीनं धरलं. झाडपाला झाला, दवाखाना झाला. शेवटचा भेटलो तेव्हा ते बाजेवर पडून होते, डोळे हळदीसारखे. मी जवळ स्टूल ओढून बसलो. त्यांचे ओठ हलले, मला काही कळलं नाही. त्यांनी हातानं खूण केली, बाजेच्या त्या बाजूला जा. मरायला टेकलाय तरी थोरल्याला हुकूम सोडतोय, असा विचार माझ्या मनात आला... आला, काय करू. मी उठून त्या बाजूला बसलो. तिकडून त्यांचं तोंड माझ्या उजव्या कानाशी आलं. "साडूभाऊ, पंधरा दिसाला येकदा मशीन गरम करीत जा. पडून ऱ्हाली तर कंडेन्सर मरतेत." मी "हो हो" म्हणालो. मनात म्हणालो, बिघडलेली मशीन गरम करून काय उपयोग.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी आम्ही वारंग्याला पोचलो. कार्यक्रम दुपारी विहारात होता. घर माणसांनी भरलेलं, पण ती खोली रिकामी होती. कमल म्हणाली, "दाजी, लावता काय मशीन? ते गेल्यापासून बंद हाय. तुमालाच सांगितलंय म्हणत व्हते." प्लग पेटीच्या पाठीमागे होता. मी कधी त्या मशीनीच्या मागच्या बाजूला गेलो नव्हतो. वाकून पाहिलं तर वायरींच्या जंजाळात एक छोटा खटका, नंतर बसवलेला, भोक कानशीनं घासून केलेलं. दुकानात प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायची त्यांना सवय. इथं चिठ्ठी नव्हती, पांढऱ्या रंगानं बारीक ब्रशानं लिहिलं होतं. खटक्याच्या एका बाजूला 'सगळे'. दुसऱ्या बाजूला 'मास्तर'.

खटका 'सगळे'वर होता. मी मशीन लावली, काचा तापल्या, आगगाडी सुरू झाली. बेबी आता आठ वर्षांची. दारात उभी होती, तिची मान डावीकडून उजवीकडे गेली. मी खटका 'मास्तर'वर ढकलला. तिची मान मधेच थांबली. "बिघडली, काका," ती म्हणाली.

"कमल," मी विचारलं, "ही मशीन नीट कधी झाली?"

"बिघडली कधी व्हती?" ती म्हणाली. "तुमी जाऊन बस सुटली की ते मागं हात घालत आन्‌ परत चांगली व्हायची. मी लय येळा विचारलं, दाजी आल्यावरच काहून असं करता. म्हणायचे, त्यांना अशीच आवडती. तुमाला अशीच आवडती काय, दाजी?"

मी तिला उत्तर दिलं नाही. उजवीकडून विचारलं होतं तरी दिलं नाही.

दुपारी विहारात लोक एकेक करून बोलले. सटवाजीकाका उठले. मारोतरावांनी कुणाकुणाचे रेडिओ चालू करून दिले ते सांगितलं, आणि मग प्रेमानंच, डोळ्यांत पाणी असताना, म्हणाले, "येकच काम त्याच्या हातून पुरं झालं न्हाई. ती दोन आवाजाची मशीन. तेवढी हौस ऱ्हाऊन गेली बिचाऱ्याची." लोक हळहळले. मामींनी पदर तोंडाला लावला. गेलेल्या माणसाचा हिशेब तिथंच मिटणार होता, एक अर्धवट मशीन त्याच्या नावावर टाकून. मी गप्प बसलो असतो तर पुढेही मला कुणी काही विचारलं नसतं. चाळीस वर्षं मी गप्पच होतो, सवय चांगली होती.

मी उभा राहिलो. भाषण करायची खोड असल्यामुळे पाय आपोआप उचलले. पण एवढंच म्हणालो, "मशीन पूर्ण झाली होती. त्या बुद्धपौर्णिमेलाही चांगली होती. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. खुर्चीत बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून मारोतरावांनी ती बिघडवून ठेवली." खाजाभाई कळमनुरीहून आले होते, ते मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलेलं मला दिसलं. मग सटवाजीकाका हळूच म्हणाले, "म्हंजे मास्तर, तुमी ताठ न्हाईत?" कुणीतरी हसलं. मीही हसलो, आणि मग पुढचं मला नीट आठवत नाही, कारण माझ्यानं हसणं पुरं झालं नाही.

परतीच्या बसमध्ये शांता माझ्या डावीकडे बसली होती, बावीस वर्षं बसते तशी. कळमनुरीची वाट अर्धी सरली तरी तिचा आवाज नाही. मी वळून पाहिलं तर ती बोलत होती. ओठ हलत होते. मला वळलेलं पाहून थांबली.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "मी तुमच्या ह्या अंगाला निजून बोलत ऱ्हाले. मला वाटायचं, तुमी ऐकून गप बसता."

"काय बोलायचीस?"

"आता कशाला. जुनं झालं." मग ती खिडकीजवळून उठली, चालत्या बसमध्ये दांडीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सरका तिकडं." मी खिडकीशी सरकलो. ती माझ्या उजवीकडे बसली.

मला वाटलं होतं, माणूस गेल्यावर हेवा संपतो. संपला नाही. आधी मला त्यांच्या हाताचा हेवा वाटायचा, मामींनी वाढलेल्या कलेजीचा, कमलच्या ज्वारीच्या दाण्यांचा. आता त्या खटक्याचा वाटतो. दोनशे माणसांसमोर हात जोडून "न्हाई जमलं" म्हणणं... मला आयुष्यात एकदाही तसं म्हणता आलेलं नाही, आणि त्यांनी माझ्यासाठी ते म्हटलं. साडू म्हणून बरोबरी करायची तर आता कशात करू?

पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी, मी वारंग्याला जातो. मामी चहा ठेवतात. बेबी खुर्ची मधोमध मांडते आणि खटका 'सगळे'वर असल्याची खात्री करून मला बसवते. काचा तांबूस होतात, अर्धा मिनिट जातो, आगगाडी निघते. मी डोळे मिटून बोट करतो. बहुतेक वेळा चुकतं. मग ती माझं बोट धरून बरोबर दिशेला वळवते आणि गाडीबरोबर फिरवत नेते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तास झाला की मी बटण बंद करतो. काचा हळूहळू काळ्या पडतात. बंद केल्यावरही बराच वेळ तिच्यात करंट राहतो, हे मारोतरावांनी सांगितलं होतं तेव्हा मी बोट घालून पाहिलं होतं. आता घालत नाही. डावा हात खिशात ठेवतो आणि मशीनीच्या शेजारी बसून राहतो.